मागचा डावा कोपरा

खोली बघायला गेले त्या दिवशी काकांनी मला नोकरी कुठे, गाव कोणतं, एकटीच राहणार का, यातलं काहीच विचारलं नाही. माझ्या काखेतला लॅपटॉप त्यांनी मागून घेतला, उलटा केला आणि बिजागरीजवळच्या भेगेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. मग त्याच नखानं टिचकी मारून कान जवळ नेला.

"एका हातानं उघडतेस," ते म्हणाले.

"हो. का?"

"उजव्या हातानं. सगळा जोर एका बाजूला येतो. दोन हातांनी उघडत जा, बेटा." लॅपटॉप मला परत देऊन त्यांनी आत हाक मारली, "अगं, हिला वरची खोली दाखव."

फरीदाबादमधल्या त्या घरात मी तीन वर्षं राहिले. मी पुण्याची, गुडगावच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होते. काका मूळचे वर्ध्याकडचे. विशी ओलांडताच ते इकडे आले आणि एका कारखान्यात लागले. प्लास्टिकच्या वस्तू ज्या पोलादी साच्यात ओतल्या जातात ते साचे तिथे बनत. प्लास्टिकच्या मगापासून स्कूटरच्या दिव्यापर्यंत कशाकशाचे साचे त्यांनी हातानं घासले होते, याची यादी ते बाजारातून चालताना सांगत. दुकानाबाहेर रचलेल्या बादल्यांकडे बोट करत म्हणत, "ही माझी. ती माझी नाही, तिचा कान बघ किती जाड केलाय."

साच्याला तिकडे डाई म्हणतात. म्हणून गल्लीत त्यांचं नाव पडलं होतं डाईवाले अंकल. नव्या माणसाला वाटे, हे कपडे रंगवतात. वर्षातून एकदोघी तरी विटका दुपट्टा घेऊन दारात यायच्याच. काका त्यांना कधी हसले नाहीत. दुपट्ट्याचा पोत बोटांनी बघून, कोणत्या मार्केटात कुठल्या रंगाऱ्याकडे जायचं ते सांगत आणि "माझं नाव सांगा" असंही म्हणत. तो रंगारी त्यांना ओळखतही नव्हता.

निवृत्त झाल्यावर त्यांनी गच्चीवरच्या खोलीत एक वेगळाच उद्योग मांडला होता. पूर्वी काही घरांत एक लहानसा कंप्यूटर असायचा. कीबोर्ड हाच कंप्यूटर; तो टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून त्यात प्रोग्रॅम चढवायचा. आता असली यंत्रं जपणारे हौशी लोक आहेत, दिल्लीत आहेत, नोएडात आहेत, चंदीगडला आहेत. आतले भाग ते स्वतः दुरुस्त करतात, पण बाहेरची बॉडी चिरलेली, कोपरे उडालेले, स्क्रूच्या जागा फुटलेल्या. त्यासाठी सगळे काकांकडे येत. काका फक्त बॉडी दुरुस्त करत. "आतलं इंजिनिअरचं, बाहेरचं माझं," हे ते पहिल्याच वाक्यात सांगून टाकत.

तो कंप्यूटर काय करतो, हे त्यांनी कधी जाणून घेतलं नाही. एकदा एका गृहस्थांनी खुशीत येऊन दुरुस्त झालेलं यंत्र तिथेच आमच्या टीव्हीला जोडलं. पडद्यावर रंगीत चौकोन धावायला लागले, टूं टूं आवाज आला. आम्ही सगळे पडद्याकडे बघत होतो. काका मात्र पडद्याकडे पाठ करून बसलेले, दोन्ही तळवे यंत्राच्या पाठीवर ठेवून.

"काका, इकडे बघा ना," मी म्हटलं.

"थांब. गरम कुठे होतं ते बघतोय."

त्यांच्या खोलीत एका भिंतीला काचेच्या बरण्या लावलेल्या होत्या. बरण्यांत प्लास्टिकचा चुरा, रंगवार. फुटक्या बादल्या, हेल्मेटं, स्विचबोर्ड, जुन्या मिक्सरची बुडं, जे मिळेल ते आणून ते बारीक तुकडे करत. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी: 'शर्माजींचा रेग्युलेटर', 'बँकेतला टेलिफोन', 'मेव्हण्याचा व्हीसीआर'. कंप्यूटरच्या रंगाशी जुळणारा चुरा काढायचा, अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवायचा आणि त्याचा लेप भेगेत भरायचा. वाळला की घासून सारखा. रंगाचा डबा त्या खोलीत नव्हता. "रंग म्हणजे चादर ओढून घेणं," ते म्हणत. "खाली काय चाललंय ते कळत नाही."

लेप कालवायला त्यांना स्टीलची वाटी लागे, आणि घरातली कुठलीही वाटी त्यांना चाले. काकूंना ते चालत नसे. काकू बारीक चणीच्या, मोजकं बोलणाऱ्या; सरकारी शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. एका बुद्धपौर्णिमेला खिरीसाठी वाट्या काढताना पाच वाट्यांच्या तळाशी राखाडी चट्टे निघाले. नखांना लावायचं लाल पॉलिश घेऊन काकूंनी त्या पाच वाट्यांच्या बुडाला ठिपके दिले, वर नेऊन काकांच्या टेबलावर एका रांगेत ठेवल्या आणि खाली आल्या. त्या दिवशी खीर आम्ही कपांतून खाल्ली.

भेग आणखी पुढे जाऊ नये म्हणून काका आधी तिच्या टोकाला सुईएवढं भोक पाडत. भेग त्या भोकापर्यंत येते आणि थांबते. मला हे खोटं वाटलं होतं, तेव्हा त्यांनी माझ्याच फुटक्या साबणदाणीवर करून दाखवलं. "तिला सांगावं लागतं, इथवर," ते म्हणाले. घरात त्यांचा आणि काकूंचा वाद वाढायला लागला की ते अचानक उठून चहा ठेवत. मला वाटे, हार मानली. काकूंनी एकदा सांगितलं, "हार कसली. भोक पाडतायत."

पिवळं पडलेलं प्लास्टिक पुन्हा पांढरं करायचं तर केसांचा रंग उडवायची क्रीम लागते. ती लावायची, वर पातळ प्लास्टिक गुंडाळायचं आणि उन्हात ठेवायचं. पहिल्या वेळी ती आणायला आम्ही दोघं सेक्टरच्या मार्केटमधल्या ब्यूटी पार्लरमध्ये गेलो. काकांनी आठ बाटल्या मागितल्या.

पार्लरवाल्या बाईनं त्यांच्या टकलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अंकल, किसके लिए?"

"कंप्यूटर पीला पड़ गया है."

मला वाटलं ती हसेल. तिनं हातातली कात्री खाली ठेवली आणि विचारलं, "कितनी देर रखोगे?"

"दिन भर. धूप में."

"सूख जाएगा. फिर धब्बे पड़ेंगे. हर घंटे ब्रश घुमाना पड़ेगा, जड़ से नोक तक, एक ही दिशा में."

काका स्टूल ओढून बसले. अर्धा तास दोघांचं चाललं होतं. बाहेर पडताना ते म्हणाले, "या सेक्टरमध्ये कामाची माहिती असलेली ही एकच व्यक्ती." पुढे नवं काही करायचं झालं की ते आधी तिचा सल्ला घेत, आणि तीही तिच्या ड्रायरचं तुटलेलं तोंड त्यांच्याकडून सांधून घेई.

दिवाळीनंतर दिल्लीवर धूर बसतो, ऊन असून नसल्यासारखं होतं. तेव्हा काका फाटकावर पाटी टांगत: 'धूप नहीं है'. ती ग्राहकांसाठी असे. पण येणारेजाणारे ती वाचत, मान वर करून आकाशाकडे बघत आणि "सही लिखा है" म्हणून पुढे जात.

या सगळ्या यंत्रांत एक मॉडेल वेगळं होतं. दिल्लीतल्या एका छोट्या कंपनीनं ते थोडे दिवस बनवलं होतं आणि मग ती कंपनी बंद पडली. करड्या रंगाचं, पाटीएवढं यंत्र. माझ्या काळात तशी नऊ आली. नऊच्या नऊ यंत्रांचा मागचा डावा कोपरा तुटलेला. काका ती फुकट दुरुस्त करत, आणि इतर सगळी कामं बाजूला ठेवून. कारण विचारलं तर म्हणत, "देशी माल आहे." मी ते खरं मानलं.

त्यातलं नववं यंत्र दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या एका मॅडमचं होतं. मॅडम केंद्र सरकारात अधिकारी, लातूरच्या. बदली होऊन गुवाहाटीला निघाल्या होत्या, सामान बांधायला दहा दिवस उरले होते. यंत्र तयार झालं तेव्हा मी म्हटलं, मी त्या बाजूलाच जातेय, मीच देऊन येते.

त्यांच्या क्वार्टरमध्ये खोक्यांच्या मधोमध बसून मॅडमनी यंत्र मांडीवर घेतलं. कुठे सांधलंय ते त्यांना सापडेना. मी कोपरा दाखवला. त्यावर बोट फिरवत त्या म्हणाल्या, "हा मी तोडला होता. सातवीत होते. बाबांनी दिल्लीहून हा कंप्यूटर आणला होता, पूर्ण गल्लीत पहिला. मी रोजच्यासारखा टीव्हीवरून उचलून कपाटात ठेवत होते आणि कोपरा हातातच आला. बाबा ओरडले नाहीत. नुसते माझ्याकडे बघत राहिले आणि यंत्र उचलून माळ्यावर ठेवलं. मला परत काढून दिलंच नाही. घरात माझं नाव पडलं 'तोडफोड'. धाकटा भाऊ अजून त्याच नावानं हाक मारतो."

त्या हसून सांगत होत्या. मलाही गोष्ट गमतीची वाटली. घरी आल्यावर जेवताना मी ती काकांना जशीच्या तशी सांगितली, 'तोडफोड' नावासकट.

काकांचा घास हातातच राहिला. त्यांनी तो ताटात परत ठेवला, हात धुतले आणि गच्चीवर गेले.

"काय झालं?" मी काकूंना विचारलं.

"त्यांनाच विचार," काकू म्हणाल्या. "मला ठाऊक आहे, पण सांगायचं त्यांनीच."

काका बरण्यांच्या भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांची मराठी एरवी दिल्लीच्या हिंदीत भिजलेली असे. आज ती एकदम वर्ध्याची झाली होती.

"मले सांग बेटा, बाराव्या वर्षी पोरगी कपाटात काय ठेवते, किती हळू ठेवते? तिनं नाही तोडला तो."

मग त्यांनी सांगितलं. त्या करड्या यंत्राचा साचा त्यांनी बनवला होता. पंचविशीत होते, एकट्याच्या हाती आलेला पहिला मोठा साचा. मागच्या बाजूला स्क्रू बसायला चार पोकळ खुंट होते. खुंट जिथे बॉडीला मिळतो तिथे कड टोकदार ठेवायची नसते, थोडी गोलाई द्यायची असते. टोकदार राहिली की जोर सगळा तिथेच येतो आणि प्लास्टिक आज ना उद्या तिथूनच सुटतं. काकांनी तीन खुंटांच्या कडा घासून गोल केल्या. चौथी राहिली होती तेवढ्यात ग्राहक टेम्पो घेऊन दारात आला.

"अर्ध्या तासाचं काम होतं," काका म्हणाले. "मी म्हणालो, आतली बाजू आहे, कोण बघणार. पुढच्या वेळी साचा साफ करायला येईल तेव्हा करून टाकू. पुढची वेळ आलीच नाही. कंपनीच बसली."

"पण काका, तुमचाच साचा कशावरून?"

त्यांनी टेबलाखालून एक फुटकं झाकण काढलं आणि आतून दाखवलं. कोपऱ्याजवळ मुगाच्या डाळीएवढं पिंपळपान उमटलेलं होतं. मालकाच्या नकळत त्यांनी ते पोलादात कोरलं होतं. "निवृत्त झाल्यावर एक जण भंगारातनं पहिला तुकडा घेऊन आला. हे पान दिसलं. मले काय आनंद झाला. मग कोपरा दिसला."

"तुम्ही फुकट दुरुस्त करताच की."

"मी प्लास्टिक दुरुस्त करत होतो," ते म्हणाले. "ह्याच्यापायी पोरांना बोलणी बसली असतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

रविवारी सकाळी काका खाली आले ते पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून. हा शर्ट एरवी बुद्धपौर्णिमेला निघे. काकूंनी फक्त कॉलर नीट केली. मला म्हणाल्या, "तू जा बरोबर. हे नाहीतर पत्ता विचारायला पार्लरमध्ये जातील."

मॅडमना वाटलं, दुरुस्तीत काही राहिलं असेल. त्यांनी चहा टाकला, एका खोक्यावरची पुस्तकं काढून काकांना बसायला जागा केली. काका बसले नाहीत. दोन्ही हात पुढे बांधून, शाळेत उभं केल्यासारखे उभे राहिले.

"मॅडम, हा कोपरा तुम्ही तोडला नव्हता. मी तोडला होता."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. काकांनी खिशातून नमुन्यादाखल करून आणलेले दोन खुंट काढले, एक गोल कडेचा, एक टोकदार. दोन्ही चिमटीत धरून त्यांनी सगळं समजावलं, टेम्पोसकट. शेवटी म्हणाले, "तुम्ही कितीही जपून ठेवला असता तरी तो सुटलाच असता. तुमच्या बाबांना हे सांगायला हवं होतं. मला उशीर झाला."

"बाबा नाहीत आता," मॅडम म्हणाल्या.

चहा उतू गेल्याचा वास आला, तरी मॅडम उठल्या नाहीत. त्यांनी टोकदार खुंट हातात घेतला आणि बोटानं थोडा दाबला. तो कट्ट करून तुटला. त्या दचकल्या, आणि मग त्यांना हसू फुटलं. डोळे पुसतच त्यांनी फोन उचलला, लातूरला आईला लावला आणि आवाज मोठा केला.

"आई, हे काका काय सांगतायत ते ऐक. सगळं ऐक."

काकांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, फोनच्या अगदी जवळ वाकून, मोठ्यानं. पलीकडून म्हातारा पण खणखणीत आवाज आला, "बरं झालं बाई सांगितलंत. तिच्या बाबांना फार वाईट वाटलं होतं. यंत्राचं नाही, माळ्यावर ठेवल्याचं. पण काढून द्यायचं म्हणजे माघार घ्यायची, ते त्यांना जमलं नाही." जरा थांबून त्या म्हणाल्या, "आता एवढं सांगा, रेडिओ कुणी पाडला होता?"

"रेडिओ मीच पाडला," मॅडम म्हणाल्या.

"तेच म्हणते मी," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

परतताना मेट्रोत बदरपूर मागे पडल्यावर काका म्हणाले, "बाकीच्यांना कसं सांगायचं?"

जुन्या कंप्यूटरवाल्यांचे इंटरनेटवर गट आहेत. काकांनी हिंदीत सांगितलं, मी इंग्रजीतही लिहिलं. मजकूर त्यांचाच: या मॉडेलचा मागचा डावा कोपरा तुटला असेल तर तो तुम्ही तोडलेला नाही. घरात कुणाला त्याबद्दल बोलणी बसली असतील तर कृपया त्यांना कळवा. साचा बनवणाऱ्याची चूक होती. दुरुस्ती करून मिळेल.

मला वाटलं, दोनचार उत्तरं येतील. आठवडाभर माझा फोन थांबेना. चंदीगडच्या एकानं लिहिलं, 'आज बहिणीला फोन केला. ती आधी रडली, मग तिनं मला बऱ्याच शिव्या दिल्या. दोन्ही बरोबर होतं.' एका प्राध्यापकानं लिहिलं की त्यानं या कोपऱ्यासाठी खोलीवरच्या मित्राशी बोलणं टाकलं होतं, आता त्याचा पत्ता शोधतोय. जयपूरच्या एका माणसानं विचारलं, 'मी खरंच हातोडीनं तोडला होता. मला माफी आहे का?' काकांनी गंभीरपणे उत्तर सांगितलं, मी टाइप केलं: 'हथौड़ी की ज़िम्मेदारी हमारी नहीं. कोना भेज दीजिए.'

उत्तरं वाचताना काका दोन चष्मे एकावर एक चढवून माझ्या शेजारी बसत. मी वाचून दाखवलं तरी त्यांना अक्षरं स्वतः बघायची असत. काकू भाजी निवडता निवडता ऐकत. कुणाचं भांडण मिटल्याचं आलं की त्या म्हणत, "परत वाच."

यंत्रंही यायला लागली. आता काका कोपरा चिकटवून थांबत नसत. तुटलेल्या खुंटाच्या मुळाशी लेप भरून, घासून, राहिलेली गोलाई देऊन टाकत. एकेका यंत्राला अर्धा तास लागे, अगदी तेवढाच. मी घड्याळ लावून पाहिलं होतं.

त्या हिवाळ्याच्या शेवटी पानिपतहून एक गृहस्थ आले. त्यांचं हातमागाचं घराणं, त्यामुळे यंत्रही खेसात, म्हणजे तिकडच्या जाडसर सुती चादरीत, नीट गुंडाळून आणलेलं. खेस उलगडला, आतून मूळ खोकं निघालं, खोक्यातून करडं यंत्र. काकांनी सवयीनं ते पालथं केलं आणि त्यांचा हात थांबला. मागचा डावा कोपरा जागेवर होता.

"यह टूटा नहीं?" काकांनी विचारलं.

"चाचा ने शौक से लिया था. किसी को चलाना नहीं आया, तो वापस डिब्बे में. कभी खुला ही नहीं." आता त्यांना तो चालू करायचा होता. काही बटणं दाबली जात नव्हती. दिल्लीतल्या मेकॅनिकनं हात लावायला नकार दिला होता, आधी फरीदाबादच्या अंकलकडून उघडून आणा म्हणून.

काकांनी यंत्र खिडकीशी नेलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच ते आपलं हे काम अखंड बघत होते, साच्यातून निघालं होतं तसं. बोटांनी कडा चाचपल्या, टिचकी मारून ऐकलं, पुन्हा ऐकलं. मग मला आणि पाहुण्यांना चहा केला. तीन स्क्रू काढले. परत चहा केला. चौथ्या स्क्रूला पेचकस लावला आणि उचलून घेतला.

"ऐसा ही रहने दो," ते पाहुण्यांना म्हणाले. "पूरे हिंदुस्तान में एक ही साबुत बचा होगा. मत खोलो."

पाहुण्यांनी नम्रपणे विचार केला. मग म्हणाले, "अंकल, बंद ही रखना होता तो चाचा का डिब्बा क्या बुरा था."

काकांना ते पटलेलं दिसलं. त्यांनी दोन्ही चष्मे चढवले, यंत्र मांडीत घेतलं, डाव्या तळव्यानं कोपरा धरला आणि पेचकस फिरवायला लागले. अगदी हळू. पाव फेरा, थांबणं, पाव फेरा. स्क्रू सैल होईना, जुन्या प्लास्टिकनं तो पकडून ठेवला होता. आणखी पाव फेरा.

टक्.

काकांनी तळवा उघडला. कोपऱ्याचा तुकडा त्यात पडला होता, खुंटासकट.

पाहुणे पुढे वाकले. मी काकांच्या चेहऱ्याकडे बघत होते. काही क्षण तो नुसता कोरा होता. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. आधी आवाज नव्हता, मग इतका झाला की त्यांना चष्मे काढून ठेवावे लागले. मी तीन वर्षांत त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"माझ्याच हातानं," ते मला म्हणाले. "बघितलंस ना तू? माझ्याच हातानं तुटला."

"टूट गया?" पाहुण्यांनी काळजीनं विचारलं.

"हाँ जी. टूट गया."

"तो अब?"

"अब ठीक होगा," काका डोळे पुसत म्हणाले. "अब तक तो बस टूटा नहीं था."

त्यांनी जिन्यातून काकूंना हाक मारली. गुडघ्यांमुळे काकू गच्चीवर सहसा येत नसत. त्या दिवशी एकेक पायरी करत आल्या, पदराला हात पुसले, आधी तुकड्याकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे.

"तुटला ना एकदाचा?" त्या म्हणाल्या. "मग चला जेवायला. यांनाही घ्या खाली, भात टाकलाय."